जुन्या संगणकाला नवे बळ : हलक्या विंडो मॅनेजरची उपयुक्तता

छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरातील पाणचक्की पाहावयास येणाऱ्या प्रवाशाला एका गोष्टीचे नवल वाटल्यावाचून राहत नाही. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून शहरापर्यंत आणावयाचे, ते उंचावरून सोडावयाचे आणि त्याच्या जोरावर धान्य दळणारे जाते फिरवावयाचे, अशी ही जुनी योजना आहे. पाण्याचे बळ फार मोठे नव्हते. परंतु ते वाटेत वाया जाऊ नये अशी मांडणी केलेली असल्यामुळे तेवढ्या बळावर दळण होत असे. साधन लहान असले तरी त्याची शक्ती मुख्य कामासाठी राखून ठेवली, तर काम अडत नाही, हा या योजनेचा धडा होय. आज शाळांतील आणि ग्रामपंचायत कार्यालयांतील जुन्या संगणकांच्या बाबतीत नेमका हाच विचार करण्याची वेळ आलेली आहे.

प्रश्नाचे स्वरूप

दि. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीची नियमित सुरक्षा-सेवा संपली. त्यापूर्वीच्या विंडोज ७ ची सेवा १४ जानेवारी २०२० रोजी संपलेली होती. काही अटींवर व मर्यादित काळापुरती वाढीव सेवा मिळण्याची सोय असली, तरी तो कायमचा उपाय नव्हे. पुढील कार्यप्रणाली असलेल्या विंडोज ११ साठी किमान ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवणक्षमता आणि टीपीएम २.० ही सुरक्षाविषयक सुविधा आवश्यक ठरविण्यात आली आहे. साधारणतः २०१७ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत बसत नाहीत.

याचा अर्थ असा की, यंत्र चालू आहे, पडदा उजळतो, कळफलक उमटतो, आणि तरीही तो संगणक निकामी ठरण्याच्या मार्गावर आहे. मुख्याध्यापकापुढे वा ग्रामसेवकापुढे अशा वेळी दोनच वाटा दिसतात. सुरक्षेची दुरुस्ती न मिळणारी जुनी प्रणाली तशीच चालू ठेवावयाची, अथवा संगणक निर्लेखित करून नवीन खरेदीसाठी अनुदानाची वाट पाहावयाची. पहिल्या वाटेत गावाच्या व विद्यार्थ्यांच्या नोंदी धोक्यात येतात. दुसऱ्या वाटेत विद्यार्थ्यांचे एखादे-दुसरे वर्ष संगणकाविना जाते. या दोहोंमधून जाणारी तिसरी वाटही आहे. तिचा एक महत्त्वाचा भाग म्हणजे हलका विंडो मॅनेजर होय.

विंडो मॅनेजर म्हणजे काय?

संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक काम एका चौकटीत चालते. एका चौकटीत पत्र टंकलिखित होत असते, दुसरीत जमाखर्चाचा तक्ता असतो, तिसरीत एखादे संकेतस्थळ उघडलेले असते. या चौकटींना खिडकी किंवा विंडो म्हणतात. खिडकी कोठे उघडावी, तिचा आकार किती असावा, कोणती खिडकी वर दिसावी व कोणती मागे राहावी, तिच्या माथ्यावरील नावाची पट्टी आणि बंद करण्याचे बटण कसे असावे, हे सर्व ठरविणारी जी आज्ञावली असते तिला विंडो मॅनेजर, म्हणजे खिडक्यांचा व्यवस्थापक, असे नाव आहे.

सभागृहातील व्यवस्थापकाशी त्याची तुलना करता येईल. वक्त्याने काय बोलावे हे व्यवस्थापक ठरवीत नाही. कोणी कोठे बसावे व कोणी केव्हा पुढे यावे एवढेच तो पाहतो. त्याचप्रमाणे पत्रातील मजकुराशी विंडो मॅनेजरचा संबंध नसतो.

विंडोज कार्यप्रणालीत हे काम प्रणालीच्या अंगातच सामावलेले असून ते वापरणाऱ्याला सहजी बदलता येत नाही. लिनक्स व त्या कुळातील प्रणालींमध्ये मात्र प्रदीर्घ काळ निराळी पद्धत चालत आलेली आहे. तेथे पडदा, कळफलक व माउस यांचा ताबा एका आज्ञावलीकडे असतो आणि खिडक्यांची मांडणी दुसऱ्या, स्वतंत्र आज्ञावलीकडे सोपविलेली असते. एखाद्या कामाने नवीन खिडकी मागितली की ती मागणी प्रथम विंडो मॅनेजरकडे वळविली जाते. तो जागा ठरवितो, चौकट आखतो आणि मग खिडकी पडद्यावर येते. एका वेळी एकच व्यवस्थापक हा अधिकार धारण करू शकतो. परंतु तो बदलून त्याच्या जागी दुसरा नेमता येतो. संगणक तोच, कागदपत्रे तीच, आणि व्यवस्थापक मात्र जड जाऊन हलका येतो, असे तेथे घडू शकते. या लेखातील सर्व विवेचन या एका सोयीवर आधारलेले आहे.

चार दशकांची वाटचाल

ही विभागणी योजनापूर्वक झालेली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९८४ मध्ये एक्स विंडो सिस्टीम या प्रणालीचे काम सुरू झाले आणि १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. पडद्यावर खिडकी उमटविण्याचे साधन पुरवावयाचे, परंतु ती कशी दिसावी याचा निर्णय इतरांवर सोपवावयाचा, हे तिच्या कर्त्यांचे धोरण होते. त्याच सुमारास टॉम लास्ट्रेंज यांनी टीडब्ल्यूएम हा विंडो मॅनेजर लिहिला व पुढे तो दीर्घकाळ त्या प्रणालीसोबत दिला जात राहिला.

१९९३ मध्ये रॉबर्ट नेशन यांनी टीडब्ल्यूएमच्या आधारे एफव्हीडब्ल्यूएम तयार केला. मूळ आज्ञावलीला लागणारी रॅम कमी करणे हा त्यांच्या प्रयत्नांचा एक प्रमुख हेतू होता. म्हणजे हलकेपणाचा हा विचार आजच्या टंचाईतून निघालेला नसून आरंभापासून या क्षेत्रात वावरत आहे. १९९७ च्या सुमारास आलेला आइसडब्ल्यूएम, २००२ पासूनचा ओपनबॉक्स, तसेच फ्लक्सबॉक्स व जेडब्ल्यूएम ही त्याच परंपरेतील नावे होत. २००६ मध्ये सुरू झालेल्या एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपने ओपनबॉक्सचाच आधार घेतला. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक विक्रीस आला, तेव्हा अवघ्या २५६ मेगाबाइट रॅमच्या त्या यंत्रावर हीच जोडी काम करीत होती.

अलीकडे वेलँड नावाची नवी पद्धत रूढ होत आहे. तीत पडद्याचा ताबा आणि खिडक्यांची मांडणी ही दोन्ही कामे एकाच आज्ञावलीकडे असतात. तथापि तेथेही ओपनबॉक्सच्या धर्तीवर लॅबडब्ल्यूसी ही हलकी रचना तयार झाली असून २०२४ पासून रास्पबेरी पायच्या प्रणालीने तिचा स्वीकार केला आहे.

हलकेपणा कोठून येतो?

संगणक मंद होण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे रॅम अपुरी पडणे हे होय. रॅम ही कामाच्या मेजासारखी असते. मेज भरले की संगणक काही सामग्री हार्ड डिस्कवर, म्हणजे जणू दूरच्या कपाटात, ठेवू लागतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क रॅमच्या मानाने अतिशय संथ असल्यामुळे प्रत्येक फेरीला संगणक अडखळतो. ज्या आज्ञावल्या मेजावरील जागा अडवून बसतात त्यांची संख्या कमी करणे, हा यावरील सरळ उपाय आहे.

आधुनिक संपूर्ण डेस्कटॉपमध्ये खिडक्यांच्या मांडणीबरोबर इतर अनेक गोष्टी सतत चालू असतात. खिडकी उघडताना दिसणारी हालचाल, सावल्या व पारदर्शकता, सर्व फाइलींची शोधसूची तयार करणारी सेवा, सूचना दाखविणारी सेवा, ही त्याची उदाहरणे होत. शिवाय सावल्या व पारदर्शकता दाखवावयाची तर प्रत्येक खिडकीचे चित्र स्वतंत्रपणे राखून ठेवावे लागते. १३६६ गुणिले ७६८ बिंदूंच्या पडद्यावर प्रत्येक बिंदूला ४ बाइट धरल्यास पडदाभर खिडकीचे एक चित्र सुमारे ४ मेगाबाइट जागा घेते; अशा दहा खिडक्यांना सुमारे ४० मेगाबाइट लागतात. हलका विंडो मॅनेजर सामान्यतः ही चित्रे राखीत नाही. झाकलेली खिडकी पुन्हा उघडी पडली की तो भाग पुन्हा रेखाटण्याची सूचना त्या त्या कामाला मिळते.

या सर्वांचा एकत्रित परिणाम मोठा असतो. संपूर्ण डेस्कटॉपला कित्येक शे मेगाबाइट, प्रसंगी एक गिगाबाइटहून अधिक रॅम लागते. हलका विंडो मॅनेजर स्वतः काही मेगाबाइटपासून काही दशक मेगाबाइटपर्यंतच जागा घेतो. २ गिगाबाइट रॅमच्या संगणकावर हा फरक निर्णायक ठरतो, कारण वाचलेली जागा विद्यार्थ्याच्या वा लिपिकाच्या प्रत्यक्ष कामाला मिळते.

खैरातचे उदाहरण

हलक्या विंडो मॅनेजरचा शाळेतील वापर महाराष्ट्राला अगदीच अपरिचित नाही. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप या आंतरराष्ट्रीय योजनेचा देशातील एक प्रारंभीचा प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैरात या लहानशा गावातील प्राथमिक शाळेत करण्यात आला. तेथील मुलांच्या हाती आलेल्या एक्सओ या यंत्राचा प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्झचा होता. त्यात २५६ मेगाबाइट रॅम व १ गिगाबाइट साठवणक्षमता होती. आजच्या साध्या भ्रमणध्वनीच्या तुलनेतही ही सामग्री तुटपुंजी होय.

या यंत्रावरील शुगर नावाच्या बालसुलभ रचनेत खिडक्यांची व्यवस्था मॅचबॉक्स या अतिशय लहान विंडो मॅनेजरकडे सोपविण्यात आली होती. एका वेळी एकच खिडकी पडदाभर दाखवावयाची, असे त्याचे तत्त्व होते. खिडक्या एकमेकींवर येण्याचा, त्या ओढण्याचा वा लहानमोठ्या करण्याचा प्रश्नच उद्भवत नसल्याने काम हलके झाले आणि लहान मुलांचा गोंधळही टळला.

या उदाहरणाची दुसरी बाजूही ध्यानी घेण्याजोगी आहे. विंडो मॅनेजर हलका असूनही शुगर रचनेतील इतर भाग त्या यंत्राला जड जात आणि प्रतिसाद मंद असल्याची टीका जगभरातील अनेक अभ्यासकांनी केली. खिडक्यांचा व्यवस्थापक हलका केला म्हणजे सर्व भार उतरला असे होत नाही, हे त्यावरून दिसून येते.

मर्यादांचे भान

म्हणूनच हलक्या विंडो मॅनेजरकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, हे आधी स्पष्ट असावयास हवे. संकेतस्थळे दाखविणारा ब्राउझर हा आज संगणकावरील सर्वांत मोठा भार असतो. एखादे जड संकेतस्थळ एकटेच कित्येक शे मेगाबाइट रॅम व्यापू शकते. विंडो मॅनेजर हा भार कमी करू शकत नाही. तो स्वतःचा भार तेवढा काढून घेतो. २ गिगाबाइटच्या संगणकावर एका वेळी दोन-तीन संकेतस्थळे उघडणे शक्य होईल, वीस नव्हे.

ग्रामपंचायतीच्या बाबतीत आणखी एक अडचण संभवते. तेथील बरेचसे काम ई-ग्रामस्वराजसारख्या संकेतस्थळांवर चालते आणि त्यासाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन किंवा बोटांचे ठसे घेणारे उपकरण जोडावे लागते. अशा उपकरणाची पूरक आज्ञावली लिनक्सवर उपलब्ध आहे किंवा नाही, हे प्रत्येक उपकरणागणिक पाहावे लागते. ती उपलब्ध नसेल, तर स्वाक्षरीचे काम करणारा एक संगणक सुरक्षा-सेवा मिळणाऱ्या प्रणालीवर ठेवून इतर संगणक बदलणे श्रेयस्कर ठरेल. शाळेच्या संगणक कक्षात ही अडचण सहसा येत नाही. टंकलेखन, तक्ते, चित्रकला, गणिताचे खेळ व शैक्षणिक चित्रफिती ही तेथील मुख्य कामे असल्याने आरंभ शाळेपासून करणे अधिक सोयीचे होय.

अतिशय जुन्या यंत्रांनाही सीमा आहे. काही प्रमुख लिनक्स संचांनी ३२-बिट संगणकांसाठी स्वतंत्र उभारणी-संच देणे थांबविले आहे. त्यामुळे ६४-बिट प्रोसेसर असलेल्या यंत्रांचाच प्रथम विचार करावा.

मराठीची कसोटी

मराठी राज्यातील शाळेत वा कार्यालयात संगणकाने मराठी शुद्ध दाखविलीच पाहिजे. देवनागरीत अक्षरे केवळ एकापुढे एक मांडून भागत नाही. जोडाक्षरे घडवावी लागतात, वेलांटी व रफार योग्य स्थळी बसवावे लागतात. हे काम करणारा भाग विंडो मॅनेजरहून वेगळा असतो. सर्वच हलके विंडो मॅनेजर आपल्या नावाच्या पट्टीत व यादीत त्याचा उपयोग करतातच असे नाही. परिणामी पत्रातील मजकूर शुद्ध दिसतो, परंतु खिडकीच्या माथ्यावर त्याच पत्राचे नाव मोडलेले दिसते, असा प्रकार घडू शकतो.

यासाठी निवडीपूर्वी एक सोपी चाचणी घ्यावी. ‘विद्यार्थी’, ‘ग्रामपंचायत’, ‘वऱ्हाड’ आणि ‘दुसऱ्या’ अशी नावे देऊन चार फाइली तयार कराव्यात व त्या उघडून माथ्यावरील पट्टी वाचावी. विशेषतः शेवटच्या दोन शब्दांतील अर्धा र मराठी वळणाचा येतो काय, हे पाहावे. ओपनबॉक्ससारख्या विंडो मॅनेजरमध्ये देवनागरी जुळणीची सोय आहे. त्याची कामांची यादी एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेली असते. ती बदलून ‘पत्रलेखन’, ‘हजेरीपट’, ‘चित्रकला’, ‘संगणक बंद करा’ अशी मराठी नावे शिक्षकाला स्वतः देता येतात. इयत्ता चौथीच्या मुलाला इंग्रजी नावे पाठ करावी लागू नयेत, ही या सोयीची खरी किंमत होय.

निर्णयाची पद्धत

संगणक निर्लेखित करण्याचा प्रस्ताव तयार होण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करणे उपयुक्त ठरेल.

१) प्रत्येक संगणकाचा प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क व खरेदीचे वर्ष यांची एका कागदावर नोंद करावी.

२) संगणकातील सर्व माहितीची प्रत दुसऱ्या साधनावर घेऊन ती उघडते याची खात्री करावी. ही पायरी झाल्याखेरीज पुढे जाऊ नये.

३) लिनक्सचा हलका संच पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरूनच सुरू करावा. या रीतीने हार्ड डिस्कला स्पर्श न करता प्रणाली पाहता येते. अँटिएक्स या संचात आइसडब्ल्यूएम व पपी लिनक्सच्या अनेक आवृत्त्यांत जेडब्ल्यूएम आढळतो. प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजेच सी-डॅकने, विकसित केलेल्या बॉस लिनक्समध्ये मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. मात्र त्यासोबत येणारा डेस्कटॉप त्या यंत्राला पेलतो काय, हे पाहून घ्यावे.

४) मराठी टंकलेखन, छपाई, ध्वनी, प्रोजेक्टर व इंटरनेट यांची एकेक करून चाचणी घ्यावी.

५) प्रथम एकाच संगणकावर नवी प्रणाली बसवून ती पंधरा दिवस नेहमीच्या कामात वापरावी. अडचणींची नोंदवही ठेवावी.

६) शक्य असल्यास रॅम वाढवावी आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी. हलका विंडो मॅनेजर आणि ही छोटी दुरुस्ती यांची जोड सर्वांत फलदायी ठरते.

७) सर्व संगणकांवर एकच विंडो मॅनेजर व एकच यादी ठेवावी. सुरुवात कशी करावी व अडल्यास काय करावे, याचे मराठी टिपण भिंतीवर लावावे. शिक्षकाची बदली झाली तरी कक्ष बंद पडणार नाही.

हे सर्व करूनही जे यंत्र उपयोगी ठरणार नाही, ते भंगारात न टाकता १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडे द्यावयाचे असते. तत्पूर्वी हार्ड डिस्कवरील नोंदी कायमच्या पुसून टाकण्यास विसरू नये.

शासकीय कामात मुक्त आज्ञावलीचा वापर ही नवी कल्पना नव्हे. केंद्र शासनाने २०१५ मध्ये मुक्त स्रोत आज्ञावलींना प्राधान्य देणारे धोरण जाहीर केलेले आहे. केरळ राज्याने तर २००१ पासून राबविलेल्या आयटी अॅट स्कूल या प्रकल्पाद्वारे आपल्या शाळांत मुक्त आज्ञावली रुजविली. त्या प्रयोगाच्या मुळाशी शिक्षकांचे प्रशिक्षण होते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

स्थानिक बळाचा उपयोग

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांत अशा प्रयत्नाला साहाय्य करू शकतील अशा संस्था दूर नाहीत. शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात नायलिट ही केंद्र शासनाची इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान संस्था आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. तेथील विद्यार्थ्यांना प्रकल्पकार्य म्हणून एकेका शाळेचा संगणक कक्ष पुन्हा चालू करण्याचे काम देता येईल. सोयगाव वा वैजापूरच्या एखाद्या शाळेत चार बंद यंत्रे सुरू झाली, तर त्या गावच्या मुलांना ती पुढील अनुदानाच्या आधीच वापरता येतील. विद्यार्थ्यांनाही पुस्तकातील ज्ञान प्रत्यक्षात उतरविण्याची संधी मिळेल.

नवे संगणक हवेतच. वाढत्या गरजा जुन्या यंत्रांवर कायम भागणार नाहीत. परंतु नवे येईपर्यंत जुने झाकून ठेवणे हे सार्वजनिक पैशाने घेतलेल्या साधनाचा अपव्यय करण्यासारखे आहे. संगणकाचे बळ दिखाऊ हालचालींत व सावल्यांत खर्च न करता ते विद्यार्थ्याच्या धड्यासाठी आणि ग्रामस्थाच्या दाखल्यासाठी राखून ठेवणे, हेच हलक्या विंडो मॅनेजरचे प्रयोजन होय. निर्लेखनाच्या कागदावर स्वाक्षरी करण्यापूर्वी एक पेन ड्राइव्ह आणि अर्धा दिवस एवढे जरी प्रत्येक मुख्याध्यापकाने व ग्रामसेवकाने खर्ची घातले, तरी कोणती यंत्रे अजून कामाची आहेत, याचे उत्तर त्यांना त्यांच्याच मेजावर मिळेल.